आपोआप सुरू होणारा पंप आणि ओलिताची वेळ

विजेचा पंप ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हावा व ठरल्या वेळी बंद पडावा, या सोयीसाठी अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अनेक बागाईतदारांनी स्टार्टरला टायमर किंवा ऑटो स्विच जोडून घेतला आहे. जेथे शेतीपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज मिळते, तेथे सापाविंचवाचे व रानडुकरांचे भय पत्करून अपरात्री विहिरीवर जाण्यापेक्षा हे काम यंत्रावर सोपविणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. परंतु पंप भलत्या वेळी सुरू झाला की यंत्र बिघडले असे समजून ते बदलून टाकण्याचा, किंवा कंटाळून काढून ठेवण्याचा जो प्रघात पडत आहे, तो योग्य नव्हे. पुष्कळदा यंत्र सांगितलेले कामच करीत असते. त्याला दिलेली वेळ व वीज येण्याची वेळ यांचा मेळ मात्र कोणी घातलेला नसतो.

संत्र्याच्या बागेत या चुकीची किंमत फार मोठी पडते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत व मृग बहारासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस बाग ताणावर सोडतात. पाणी तोडल्याने झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसंचय होतो व पुढे पाणी मिळताच फूल फुटते. ताणाच्या मध्यावर एका रात्री पंप आपोआप चालला, तर फुलाऐवजी नवती फुटते, अथवा बहार मागेपुढे व विरळ येतो. गेलेला ताण त्या हंगामात पुन्हा पुरेसा देता येईलच असे नाही. एरवीही भारी काळ्या जमिनीत नको असता दिलेले पाणी मुळांशी साचून मूळकूज व डिंक्या यांस निमंत्रण देते. वरुड व मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. तेथे पंपाचा एक निरर्थक तासही परवडणारा नाही.

म्हणून दुरुस्तीस माणूस बोलाविण्यापूर्वी आठ दिवसांचे टिपण ठेवावे. वहीत चार रकाने पाडावेत: ओलितासाठी लावलेली वेळ, वीज आल्याची व गेल्याची वेळ, पंप प्रत्यक्ष चालल्याची वेळ, आणि त्या क्षणी टायमरच्या घड्याळात दिसणारी वेळ. या रकान्यांतील फरकच दोष कोठे आहे ते सांगतो.

पंप दररोज वीज आल्याबरोबर सुरू होत असेल, तर ते काम ऑटो स्विचचे आहे. त्याला घड्याळच नसते. टायमरची वेळ बदलून उपयोग होणार नाही.

फरक बरोबर १२ तासांचा असेल, तर सकाळ व संध्याकाळ यांची अदलाबदल झाली आहे. अशा वेळी २४ तासांची पद्धत लावून घ्यावी; सायंकाळचे सहा म्हणजे १८ हे एकदा अंगवळणी पडले की ही चूक होत नाही.

मोबाइलवरून चालणाऱ्या उपकरणात फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर त्याचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिले आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते. म्हणून सकाळी ६ ला लावलेला पंप ११.३० ला चालतो. येथे उपकरणात भारतीय वेळ निवडली की काम भागते.

फरक रोज वाढत जात असेल, तर टायमर विजेबरोबर थांबतो व विजेबरोबर चालतो असे समजावे. दिवसाकाठी आठ तास वीज मिळत असेल, तर अशा तबकडीचे २४ तास पुरे होण्यास तीन दिवस लागतात. ओलित रोजचे लावावे आणि पाणी तिसऱ्या दिवशी मिळावे, याचे कारण हेच. येथे आतल्या बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा टायमरच घ्यावा. बॅटरी असूनही वीज गेल्यावर घड्याळ शून्यावर येत असेल, तर बॅटरी संपली आहे.

पंप वेळेवर चालतो, पण शिवाय एखाद्या वारी अधिक चालतो, असे दिसल्यास मागील हंगामाचा कार्यक्रम स्मरणात राहिला आहे काय ते पाहावे. नवीन वेळ लावल्याने जुनी आपोआप पुसली जातेच असे नाही.

शेवटी, टायमर ५ ते ९ असा लावला आणि वीज ८ वाजता आली, तर पंप ८ ला सुरू होऊन ९ ला थांबेल. चार तासांचे ओलित एका तासावर आले, तरी येथे यंत्राचा दोष काहीच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली ज्या वाहिन्यांवर दिवसा वीज मिळू लागली आहे, तेथे रात्रीसाठी लावलेले जुने कार्यक्रम तसेच राहिल्यास हाच घोटाळा होतो. विजेचे वेळापत्रक बदलले की टायमर त्याच दिवशी नव्याने लावावा.

ऑटो स्विचविषयी मात्र स्पष्ट बोलणे अवश्य आहे. वीज येताच एका रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू झाले, तर रोहित्रावर अतोनात भार पडून ते जळते व सर्वांचेच ओलित थांबते. म्हणूनच ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे. संत्रा बागाईतदारास त्याहून जवळचे कारण आहे. ऑटो स्विचला पीक कळत नाही, ताण कळत नाही. वीज आली एवढेच कळते. रात्रपाळीची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून घड्याळ असलेला टायमर पुरेसा आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाग ताणावर सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक बागाईतदाराच्या पंपाकडे एकवार जावे. ऑटो स्विच असल्यास बंद करून घ्यावा, टायमरमधील कार्यक्रम पुसून घ्यावा, आणि ताण संपेपर्यंत बागेच्या वाहिनीचा व्हॉल्व्हही बंद ठेवण्यास सांगावे. आपोआप सुरू होणाऱ्या पंपास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून जवळ ठेवावेत. वीज नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती केव्हा येईल हे त्या पंपालाही ठाऊक नसते. एवढी तपासणी अर्ध्या तासाची आहे. तिच्यावाचून वर्षाचा बहार केवळ यंत्राच्या भरवशावर सोडणे कोणत्याही बागाईतदारास हितावह नाही.