बडा घर, पोकळ वासा

मंडळी, आज जरा रागाने लिहितोय. गेल्या रविवारी जुन्या गाड्यांचा एक मेळावा बघून आलो आणि तेव्हापासून जे मनात खदखदतंय ते उतरवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

गाड्या सुंदर होत्या, त्याबद्दल दुमत नाही. क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी. मालक मंडळी मऊ फडकी घेऊन एकेक बोटाचा ठसा पुसत उभी होती. मी आपला म्हातारा मास्तर, खोड जात नाही, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत फिरलो : "दारांखालच्या पोकळ पेटीत आतून काय मारलंय?" सात जणांना विचारलं. चौघांना प्रश्नच कळला नाही, दोघांनी हसून विषय बदलला आणि सातवा म्हणाला, "सर, आत कोण बघतंय?"

हे वाक्य मला झोंबलं, कारण ते माझंच आहे.

माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. १९८८ मध्ये सेकंडहँड घेतली. मास्तरच्या पगारात गाडी म्हणजे त्या काळी शेजाऱ्यांच्या भुवया उंचावणारी गोष्ट होती. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी ती रस्त्यावर सीटपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर आम्ही सीटा वाळवल्या, गालिचे फेकले, इंजिन उघडून साफ करून घेतलं. गाडी सुरू झाली तेव्हा पेढे वाटले. पाणी आणखी कुठे गेलं असेल, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, तिचा जीर्णोद्धार करायला घेतला. पत्र्याचं काम करणारा कारागीर भला माणूस होता. रंगाच्या आधी त्याने विचारलं, "सर, पेट्यांच्या आत मेण मारून घ्यायचं का? सहा हजार जास्त होतील, चार दिवस जास्त लागतील." रंगाचं बिल ६०,००० चं होतं, ते मी न कुरकुरता दिलं. पण पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नवरी याच गाडीतून जावी अशी माझी हौस. मी म्हणालो, "राहू दे रे, आत कोण बघतंय?"

तीन पावसाळ्यांनी, २०२१ मध्ये, चाक पंक्चर झालं. दाराखाली जॅक लावला आणि फिरवायला लागलो. जॅक वर जात होता, गाडी जात नव्हती. मग कर्रकन आवाज झाला आणि जॅकचं डोकं पेटीत घुसलं. आतून गंजाचे पापुद्रे ओंजळभर पडले आणि त्यांच्याबरोबर वाळलेल्या चिखलाची ढेकळं. तो २००५ चा गाळ होता. सोळा वर्षं माझ्या गाडीच्या पोटात बसून दर पावसाळ्यात पाणी पीत होता. त्याच्यावर मी ६०,००० रुपयांचा रंग चढवला होता. नात तीन वर्षं याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून खिडकीतून हात हलवत होती.

आता थोडा तास घेतो. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. पद्मिनीला ती नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० च्या त्या घराण्यातली ही गाडी; पातळ पत्रा दुमडून पोकळ पेट्या केलेल्या, त्या एकमेकींना स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या, आणि तोच सांगाडा. बांबू पोकळ असून जसा वजन पेलतो, तसंच हे. पण त्या पत्र्याची जाडी जेमतेम. बाहेरून रंग, आतून काही नाही. पत्र्यावर पत्रा येतो त्या जोडात पाणी ओढलं जातं आणि सहज वाळत नाही. दिवसा तापलेली पेटी रात्री गार झाली की आतल्या हवेतलं बाष्प दवासारखं पत्र्यावर बसतं. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो जोड फुलवून उसवतो आणि पाण्याला आणखी वाट करून देतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बहुधा उरकलेलं असतं.

यावर ऐकू येणारे युक्तिवाद मला पाठ झालेत. पहिला : "हे परदेशातलं फॅड आहे. तिकडे बर्फावर मीठ टाकतात, आपल्याकडे कुठे?" अहो, मुंबईपासून मालवणपर्यंत मीठ समुद्रच टाकतो, फुकटात आणि बारा महिने! त्यात चार महिने ओल, आणि उष्णतेने गंजाची क्रिया वाढते ती वेगळीच.

दुसरा : "गाडी वर्षातून चारदा बाहेर निघते, गंजेल कशाला?" उभ्या गाडीला वारा लागत नाही. आणि त्यावर प्लास्टिकचं आच्छादन घातलं असेल तर ओल आत कोंडून ठेवलीत म्हणून समजा.

तिसरा सगळ्यात घातक : "आम्ही खालून जाड काळं कोटिंग मारलंय." ते बाहेरून मारलंय हो! पेटीच्या आत त्याचा काय उपयोग? उलट गंजावर मारलं तर गंज झाकला जातो आणि पुढची दहा वर्षं त्याला कुणी हटकत नाही. काही जण पेटीत फोम भरतात, तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो. काही जण जळकं ऑइल ओततात. त्यात आम्लं आणि घाण असते, रबरं खराब होतात आणि कातडीलाही ते घातक. बापजाद्यांपासून चालत आलंय म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही.

मग करायचं काय? दुसऱ्या खेपेला मी स्वतः स्टूल टाकून कारागिराजवळ बसलो. पेटीच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती माती आणि जुन्या रंगाने बुजलेली. आधी ती मोकळी केली. आत पाण्याचा जोर मारून गाळ काढला आणि बरेच दिवस ऊन नि पंखा देऊन वाळवलं. मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा मिळतो, तो आत घालून बघितलं. पेचकस टोचून जिथे पत्रा दबला तिथे ठिगळ न लावता कापून नवा घातला. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा प्रायमर जळतो, म्हणजे जो जोड आपण नवा केला तिथूनच नवा गंज सुरू होणार. म्हणून सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावरच, लांब नळीच्या टोकाला चहूकडे फवारा मारणारी तोटी लावून पातळ मेण आत मारायचं. आधी मारलंत आणि मग वेल्डिंग केलंत तर आग लागेल. मेण जोडांमधून आणि तळाच्या भोकांतून झिरपून बाहेर आलं, की ते शेवटपर्यंत पोचलं असं समजायचं. मग भोकं पुन्हा मोकळी करायची, आणि दोन-तीन वर्षांनी कॅमेरा घालून परत बघायचं. यात जादू काही नाही. चिकाटी लागते आणि सहा हजार रुपये लागतात.

ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. (चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना २०१८ पासून या तपासणीतून सूट आहे, पण तत्त्व लक्षात घ्या : गंज हा ब्रेकइतकाच गंभीर मानलाय.) आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी आणि बॉडीत मोठा बदल नको, अशी त्यांची अट. अट योग्यच आहे. पण मूळ पत्रा आतून सडून गेला तर मूळ स्वरूप म्हणून उरणार काय? नुसता रंगाचा पापुद्रा?

म्हणून माझं मेळावे भरवणाऱ्यांना जाहीर सांगणं आहे : चकाकीला गुण देता ना, मग पेट्यांच्या आतल्या फोटोंनाही द्या. ज्याच्याकडे पेटी बंद करण्यापूर्वीचे फोटो नाहीत त्याला करंडक देऊ नका. आणि मालकांनो, कारागिराला शिव्या घालण्यापूर्वी आठवा, आतलं काम नको असं सांगितलं कुणी? माझ्या कारागिराने विचारलं होतं. नाही म्हणणारा मीच होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. कुर्ल्याला आता नव्या बनणार नाहीत. ज्या उरल्यात त्या आपल्याच दारात आहेत.

नोकरीत असताना इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेच्या भिंतींना चुना लावायचो आणि छपराचे वाळवी लागलेले वासे तसेच ठेवायचो. मीच मुलांना झाडू देऊन कामाला लावायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच "बडा घर, पोकळ वासा" या म्हणीचा वाक्यात उपयोग करायला सांगायचो. असो. या रविवारी फडकं बाजूला ठेवा आणि पेचकस घेऊन गाडीखाली झोपा. जे सापडेल ते कळवा.