छपाईत निळ्याचा जांभळा का होतो?

हाताला काम



यात्रेच्या गावात फोटोचे मग, कीचेन, नाव छापलेले टी-शर्ट यांचा धंदा आता घरोघरी पोचला आहे. कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, हे अशा धंद्याचे मोठे गिऱ्हाईक. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तिथे लाखो माणसे येतात आणि दर रविवारीही गर्दी असते. त्याच सुमाराला आपली भीमजयंती येते. २०२५ साली चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती आणि लगेच १४ एप्रिलला जयंती. म्हणजे ज्या मशीनवर यात्रेचे मग छापायचे, त्याच मशीनवर जयंती मंडळाचे टी-शर्टही छापायचे. सगळी कमाई या पंधरा दिवसांत. माल बिघडला तर वर्षाचे गणित बिघडते.

हिशेब करून पाहा. समजा, कोरा मग, शाई, कागद आणि वीज धरून एक मग ६० रुपयांना पडला आणि १०० ला विकला. सुटले ४०. एक मग बिघडला तर ६० बुडाले, म्हणजे दीड मगाची कमाई गेली. दहातले चार बिघडले तर दिवसभर उभे राहून हाती काहीच लागत नाही. बचत गटाचा किंवा बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मग ‘मशीनच खराब निघाले’ म्हणून ते निम्म्या किमतीत विकले जाते. पुष्कळ वेळा मशीन चांगले असते. चूक उष्णता, वेळ, दाब, दमटपणा किंवा कापड यांपैकी एकात असते. ती शोधायची कशी, ते आज पाहू.

आधी काम समजून घ्या

ट्रंकेत ठेवलेली डांबरगोळी न वितळता हळूहळू विरून जाते. घन पदार्थाची थेट वाफ होते, यालाच सब्लिमेशन म्हणतात. या छपाईतला रंगही साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला असाच वाफ होतो. त्या उष्णतेत पॉलिस्टरचा धागा आतून सैल होतो, वाफ त्यात शिरते आणि कापड थंड झाले की रंग आत कोंडला जातो. म्हणून तो हाताला लागत नाही आणि धुण्यात जात नाही. मगावर पॉलिस्टरसारखाच एक थर दिलेला असतो. बाजारातल्या साध्या कपाला तो नसतो, म्हणून त्यावर छपाई बसत नाही.

धुतल्यावर रंग गेला

कापड सुती असणार. सुती धाग्यात ही वाफ टिकत नाही. शंभर टक्के पॉलिस्टर उत्तम. मिश्र कापडात पॉलिस्टर जितके कमी, तितका रंग फिका. एप्रिलच्या उन्हात मंडळाची मुले सुती टी-शर्ट मागतात, ते बरोबरच आहे. पण तुमच्याकडे ही एकच छपाई असेल तर ऑर्डर घेतानाच स्पष्ट सांगा. सुती कापडाला स्क्रीन प्रिंटिंग लागते.

दुसरी गोष्ट, या छपाईत पांढरी शाई नसते. निळ्या टी-शर्टवर पांढरे ‘जयभीम’ छापता येत नाही. पांढरा टी-शर्ट घ्या, भोवतीचा भाग निळा छापा आणि अक्षरे कोरी सोडा. तयार माल तसाच दिसतो.

निळ्याचा जांभळा झाला

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि जयंतीच्या कामात ती चालतच नाही. आपल्या झेंड्याचा निळा लहान मूलही ओळखते. जांभळट झेंडा छापलेले शंभर टी-शर्ट कोणते मंडळ घेईल?

संगणकाचा पडदा निळा रंग उजेडाने दाखवतो. प्रिंटरला तो आकाशी आणि गुलाबी शाई मिसळून करावा लागतो. गुलाबी थोडी जास्त पडली की निळा जांभळ्याकडे झुकतो. उपाय असा :

शाई जिथून घेता तिथूनच त्या शाईची कलर प्रोफाइल मागून घ्या आणि संगणकात बसवा. ती फाईल संगणकाला शाईचे प्रमाण सांगते. मग प्रिंटरच्या सेटिंगमधली रंगदुरुस्ती बंद करा. नाहीतर एकच रंग दोनदा दुरुस्त होतो आणि पुन्हा बिघडतो. शाईची कंपनी बदलली तर प्रोफाइलही बदला.

त्यानंतर वेगवेगळ्या निळ्यांचे दहा-बारा चौकोन एका कागदावर छापा, प्रत्येकाला नंबर द्या आणि ज्या कापडावर माल करायचा त्याच्याच तुकड्यावर दाबा. कागदावरचा रंग पाहून घाबरू नका. दाबण्याआधी तो मळकटच दिसतो. कापडावरचा नंबर पसंत करा, मंडळाच्या लोकांना दाखवा, त्यांची सही घ्या आणि मगच बाकीचे छापा. सही घेतली की पुढे पैशावरून वाद होत नाही.

रंग फिका, काळ्याचा तपकिरी

इथे उष्णतेत चूक आहे. ती कमी पडली की जास्त झाली, हे वापरलेला कागद सांगतो. कागदावर बरीच शाई शिल्लक असेल तर उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला. कागद पिवळा-तपकिरी करपला असेल आणि छापाच्या कडा पसरल्या असतील तर जास्त झाले. टी-शर्टला साधारण १९० ते २०० अंश आणि ४५ ते ६० सेकंद लागतात. मगाला १८० ते २०० अंश आणि तीन मिनिटांच्या आसपास. इथून सुरुवात करा आणि पाच-पाच अंशांनी बदला.

मशीनवर २०० आकडा दिसतो म्हणून प्लेट २०० तापलेली असतेच असे नाही. मधोमध जास्त आणि कोपऱ्यात कमी, असेही होते. उष्णता मोजायचे पिस्तूल कुणाकडून मागून एकदा तपासा. थंडीच्या दिवसांत डोंगरावर सकाळचा पहिला मग फिका येतो, कारण मगच गार असतो. तो आधी थोडा कोमट करून घ्या.

छाप दुहेरी दिसतो

गरम असताना कागद सरकला. उष्णता सोसणारी चिकटपट्टी चारही बाजूंनी लावा. वेळ झाली की प्लेट हळू उचला आणि कागद एका झटक्यात काढा. एकदा उचललेला कागद पुन्हा ठेवून दाबू नका.

ढगासारखे डाग

हे दमटपणाचे काम. जोतिबाच्या डोंगरावर पावसाळ्यात धुके उतरते, सगळे सर्द होते आणि छपाईचा कागद हवेतले पाणी ओढून घेतो. दाबताना त्या पाण्याची वाफ होते, ती रंगाला ढकलते आणि छाप पसरतो. कागदाचे पाकीट उघडे ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. टी-शर्ट छापण्याआधी नुसता पाच सेकंद दाबा आणि वाफ निघून जाऊ द्या.

निळे-गुलाबी ठिपके

कापडावरचा बारीक धागा किंवा धूळ दाबाखाली आली की ठिपका उठतो. चिकट रोलर प्रत्येक टी-शर्टवर फिरवा. यात्रेत तर हवेत गुलाल असतो. त्याचा एक कण पांढऱ्या टी-शर्टवर दाबला गेला की माल वाया गेला. गर्दीच्या दिवशी उघड्यावर टी-शर्ट छापू नका. ते खाली घरी छापा आणि वर फक्त विका. मग छापायचेच असतील तर तीन बाजूंनी आडोसा करा आणि प्रत्येक मग कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. कापडाच्या खाली-वर साधा कोरा कागद घाला आणि दरवेळी बदला. नाहीतर प्लेटला आणि गादीला लागलेला रंग पुढच्या टी-शर्टवर उमटतो.

छापात आडव्या रेघा

प्रिंटरच्या छिद्रांत शाई वाळली. ही शाई पडून राहिली की गाळ धरते. काम नसले तरी दोन-तीन दिवसांनी एक रंगीत पान काढा. आधी नोझल तपासणीचे पान छापा, गरज असेल तरच सफाई करा. उगाच सफाई करत बसलात तर महागाची शाई फुकट जाते.

वीज आणि जीव सांभाळा

मोठे हीट प्रेस दीड-दोन हजार वॅट ओढते. बारीक वायरीच्या एक्स्टेंशनवर ते लावले तर वायर तापते, दाब पडतो, प्लेट नीट तापत नाही आणि आगीची भीती वेगळीच. जाड वायर आणि अर्थिंग हवेच. एका वायरीवर दोन मशीन नकोत. रंगाची वाफ नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. जिथे स्वयंपाक होतो आणि लेकरे झोपतात तिथे हे काम नको. घर एका खोलीचे असेल तर मुले शाळेत गेल्यावर छापा.

वही ठेवा

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. चार पानांची वही मशीनशेजारी बांधून ठेवा. तारीख, कोणता माल, किती अंश, किती सेकंद, दाब किती, हवा कोरडी की दमट, माल कसा आला, एवढेच लिहा. बिघाड झाला की एका वेळी एकच गोष्ट बदला. उष्णता, वेळ आणि कागद तिन्ही एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या हंगामात तोच घोळ पुन्हा होतो.

घरातल्या शिकत्या मुलीच्या हाती ही वही द्या. वर्षभरात दुकानदारापेक्षा तिला जास्त कळू लागेल. मग मशीन विकायला येणारा काहीही सांगो, ती वही उघडून त्यालाच चार प्रश्न विचारील.

जयभीम!