ट्रंकेतली पत्रं आणि टीव्हीवरचे राष्ट्राध्यक्ष



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं सांगा म्हटलं, तर तुम्ही-आम्ही कोणती सांगू? वॉशिंग्टन, लिंकन, केनेडी आणि अलीकडचे दोन-चार. जेम्स गारफील्ड म्हटलं तर घरातली मुलं सांगतील, तो चित्रातला नारिंगी बोका! पण या नावाचे एक राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, विसावे. जेमतेम दोनशे दिवस ते पदावर होते. खुद्द अमेरिकेतही त्यांचं नाव फारसं कोणाच्या तोंडी नसतं. आणि अशा माणसावर नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर चार भागांची मालिका आली, ‘डेथ बाय लाइटनिंग’.

तुम्ही म्हणाल, आम्हांला काय त्याचं? आमच्या मागे स्वयंपाक, मुलांचे अभ्यास, सासूबाईंची औषधं. पण ऐका तर खरं. मोठ्या राष्ट्राध्यक्षांवरच्या मालिकांमध्ये लढाया असतात, भाषणं असतात. या विसरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या मालिका मात्र बव्हंशी घरात घडतात. आजारपण, विरह, नवरा-बायकोतले ताण, दाराशी येऊन बसलेले नोकरी मागणारे लोक, सगळं आपल्या ओळखीचं. आणि हे घर आज पडद्यावर उभं राहतं ते कशाच्या जोरावर, माहीत आहे? बऱ्याच वेळा कुणा बाईने जपून ठेवलेल्या कागदांच्या जोरावर. आज तेच सांगायचं आहे.

गारफील्ड ओहायोतल्या लाकडी खोपटात १८३१ साली जन्मले. दीड-दोन वर्षांचे असतानाच वडील गेले. आईने, एलायझाबाईंनी, शेत सांभाळून मुलं वाढवली. मुलगा कालव्यावरच्या बोटीवर राबला, शिकला, शिक्षक झाला, यादवी युद्धात लढला, खासदार झाला. जून १८८० मध्ये शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात ते दुसऱ्याच उमेदवाराचं नाव सुचवायला उभे राहिले होते. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, कुणालाच बहुमत मिळेना, आणि छत्तिसाव्या फेरीत माळ पडली ती यांच्याच गळ्यात! मार्च १८८१ मध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा म्हाताऱ्या एलायझाबाई समोर बसल्या होत्या. मुलाचा शपथविधी डोळ्यांनी पाहणारी ती पहिली राष्ट्राध्यक्षमाता, असं सांगतात.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपल्याला मोठं सरकारी पद मिळायलाच हवं, या भ्रमाने तो पछाडलेला होता. पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. गोळीने ते लगेच गेले नाहीत. गोळी कुठे अडकली ते शोधायला डॉक्टरांनी जखमेत बोटं घातली, हत्यारं घातली, तीही न धुतलेली. शस्त्रक्रियेतल्या स्वच्छतेबद्दल जोसेफ लिस्टर यांनी १८६७ सालीच लिहून ठेवलं होतं, पण मुख्य डॉक्टर ब्लिस यांना ते पटत नव्हतं. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल गोळी शोधणारं यंत्र घेऊन आले, तेही उपयोगी पडलं नाही. आत पू होत गेला, धडधाकट माणूस नुसता सापळा राहिला आणि १९ सप्टेंबरला न्यू जर्सीच्या समुद्रकाठी त्यांचा प्राण गेला. गोळीपेक्षा जंतुसंसर्गानेच घात केला, असं आज वैद्यकीय जाणकार मानतात. घरच्या विश्वासातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, सुसान एडसन. पण त्यांना डॉक्टर म्हणून कुणी विचारलं नाही, नर्सचं काम तेवढं करू दिलं. ‘आधी हात धू’ हे आपण घरात दिवसातून दहादा म्हणतो ना? त्याची किंमत काय असते, ते ही मालिका बघताना अंगावर काटा आणून कळतं.

मायकेल शॅननने गारफील्ड छान केला आहे आणि मॅथ्यू मॅकफॅडियनचा गिटो तर विलक्षणच. शिवीगाळ आणि रक्त आहे, तेव्हा लहान मुलांना घेऊन बघू नका. पण माझं लक्ष राहिलं ते बेटी गिल्पिनने केलेल्या पत्नीच्या भूमिकेकडे. ती लुक्रेशिया, घरच्यांची ‘क्रीट’. शेवटच्या भागात ती तुरुंगात जाऊन गिटोसमोर उभी राहते, तो प्रसंग लेखकाने रचलेला आहे. तो बघताना बरं वाटतं, पण खऱ्या लुक्रेशियाबाईंनी जे केलं ते त्याहून मोठं आहे, असं मला वाटतं.

हा संसार काही गोडीगुलाबीने सुरू झाला नव्हता. लग्न झालं १८५८ साली. पहिल्या पावणेपाच वर्षांत दोघं एकत्र राहिली ती वीस आठवडेसुद्धा नाही, हा हिशेब बाईंनीच मांडून ठेवला होता. पहिली मुलगी तीन वर्षांची होऊन गेली. पुढे नवऱ्याने दुसऱ्या एका बाईशी गुंतल्याची कबुली दिली. बाईंनी सोसलं, बोलून दाखवलं, लिहूनही दाखवलं. आणि हळूहळू, त्या पत्रांतूनच म्हणा ना, दोघांचं असं जुळलं की पुढे एकमेकांवाचून करमेना. एका वेळी एका ओळीचा राग आणि दुसऱ्या वेळी चार पानांची माया. अशी हजाराहून जास्त पत्रं या दोघांमध्ये झाली.

नवरा गेला तेव्हा बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पदरी पाच मुलं. लोकांनी वर्गणी काढून साडेतीन लाखांहून अधिक डॉलर जमवून दिले. बाईंनी ओहायोतल्या मेंटर गावच्या आपल्या घराला एक नवी बाजू जोडून घेतली, तिथे नवऱ्याची पुस्तकं लावली आणि कागदपत्रांसाठी आगीपासून सुरक्षित अशी भक्कम खोली बांधून घेतली. अमेरिकेत पुढे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ग्रंथालय उभं करायची पद्धत पडली, तिचं मूळ लोक या खोलीत बघतात. बाई त्यानंतर छत्तीस वर्षं जगल्या. मनात आणलं असतं तर आपल्या दुखऱ्या दिवसांची ती पत्रं चुलीत घालता आली असती. पण त्या दोघांची पत्रं राहिली. त्यांच्या आधाराने कँडिस मिलार्ड यांनी २०११ साली पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकावर ही मालिका निघाली.

आता दुसरं घर बघा. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोन बड्या नावांच्या मध्ये चेंगरलेले. त्यांच्या घराण्यावर १९७६ साली अमेरिकेत ‘द अ‍ॅडम्स क्रॉनिकल्स’ ही तेरा भागांची मालिका झाली आणि २००८ साली एचबीओवर ‘जॉन अ‍ॅडम्स’ ही सात भागांची. दुसरीत पॉल जियामाटी आणि लॉरा लिनी आहेत, आणि लॉरा लिनीची अ‍ॅबिगेल बघाच. नवरा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दूर. ही बाई शेत बघते, कूळ सांभाळते, मुलांना शिकवते. १७७६ साली देवीची साथ आली तेव्हा मुलांना घेऊन बोस्टनला जाऊन सगळ्यांना टोचून घेते. त्या काळचं टोचणं म्हणजे रोग्याच्या फोडातला पू अंगात घालणं, जिवावरचंच काम! त्याच वर्षी तिने नवऱ्याला लिहिलं होतं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका.

या जोडप्याची अकराशेच्या वर पत्रं आज आहेत. आपलं अक्षर आणि शुद्धलेखन धड नाही म्हणून माझी पत्रं जाळून टाका, असं अ‍ॅबिगेलबाई नवऱ्याला सांगत. त्याने ऐकलं नाही, ते बरंच झालं! व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेलेलं पहिलं कुटुंब यांचंच, १८०० सालच्या नोव्हेंबरात. घर अर्धवट बांधलेलं, ओल आलेलं. कपडे वाळत घालायला जागा नाही, म्हणून बाईंनी दोऱ्या बांधल्या त्या मोठ्या दिवाणखान्यात! हे आपल्याला कसं कळलं? तर त्यांनी मुलीला पत्रात लिहिलं म्हणून.

तिसरी मालिका १९७९ सालची, ‘बॅकस्टेअर्स अ‍ॅट द व्हाइट हाऊस’. हिच्यात टाफ्टपासून आयसेनहॉवरपर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष येतात आणि जातात. टाफ्ट, हार्डिंग, कूलिज ही नावं आपण कधी ऐकलेलीही नसतात. पण घरात कायम राहतात त्या दोघी मायलेकी, मॅगी रॉजर्स आणि लिलियन. आई कामवाली, मुलगी शिवणकाम करणारी. लिलियनला लहानपणी पोलिओ झालेला, कुबडी घेऊन चालायची. तिने १९६१ साली आपल्या आणि आईच्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्यावरच ही मालिका आहे. कुठल्या साहेबीणबाई पै-पैचा हिशेब बघत, कोण प्रेमळ, कोण तोंडाळ, हे इतिहासाच्या पुस्तकात कुठून येणार? त्या पुस्तकाचा धसका असा, की नंतर केनेडीबाईंनी नोकरांकडून आठवणी लिहिणार नाही असं लिहून घेतलं!

याच मालिकेतल्या हार्डिंगबाईंनी नेमकं उलट केलं. नवरा १९२३ साली पदावर असतानाच वारला, तेव्हा त्यांनी त्याचे कितीतरी कागद जाळले. अब्रू वाचावी म्हणून जाळले असतील. पण झालं काय? नवऱ्याने दुसऱ्या एका बाईला लिहिलेली पत्रं तिच्या घरात शाबूत राहिली आणि २०१४ साली सगळ्या जगाला वाचायला मिळाली. हार्डिंगबाईंची बाजू मात्र राखेत गेली. जाळलं की गप्पा थांबत नाहीत, फक्त आपलं म्हणणं तेवढं बंद होतं.

आपल्याकडेही हेच घडलं आहे. ‘उंच माझा झोका’ मालिका २०१२ साली घरोघर बघितली गेली. न्यायमूर्ती रानडे मोठे, पण ते घर, ते सासुरवासाचे टोमणे, दिव्याखालचा अभ्यास, हे सगळं कळलं ते रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून.

आता आपल्या घरात या. कपाटात फाइल असते, तिच्यात यजमानांच्या पदव्या, घराचे कागद, विम्याच्या पावत्या. आणि आपली पत्रं? आईचं पहिलं पत्र, बहिणीची आंतर्देशीय पत्रं, बाळंतपणात मांडलेली हिशेबाची वही? माळ्यावरच्या ट्रंकेत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत प्रथम जातात ती हीच. “मी कोण मोठी लागून गेले,” असं म्हणू नका. लिलियनही कुणी मोठी नव्हती.

तर यंदा एवढं कराच:

१. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत ट्रंक उघडा. कागद सावलीत पसरा, कडक उन्हात नको. उन्हाने शाई उडते.

२. टाचण्या, स्टेपलच्या पिना, रबरबँड काढून टाका. गंजाने आणि रबराने कागद खातो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, पुढे तो पिवळा पडून चिकटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको.

३. पत्रं वर्षावार लावा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव आणि साल लिहा. बॉलपेन उमटतं.

४. खळ नसलेल्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्यात गठ्ठा बांधा. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, कागदाला लागू देऊ नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमट होऊन बुरशी धरते.

५. ट्रंक जमिनीवर नको, पाटावर ठेवा. बाहेरच्या भिंतीला किंवा मोरीच्या भिंतीला लावू नका.

६. मुलीला किंवा नातवाला सांगून मोबाइलवर प्रत्येक पानाचे फोटो काढून घ्या. आणि हल्लीचं जे व्हॉट्सअ‍ॅपवर असतं, त्यातलं जिव्हाळ्याचं वहीत उतरवा. फोन बदलला की ते जातं.

एखादं पत्र फारच खाजगी असेल, तर? ते ठेवायचं की नाही, हा हक्क सर्वस्वी तुमचा. पण रागाच्या भरात जाळू नका. वेगळ्या पाकिटात घाला, वर लिहा, ‘माझ्या माघारी उघडा’ किंवा ‘न वाचता नष्ट करा’. आणि वर्षभराने पुन्हा विचार करा. लुक्रेशियाबाईंना छत्तीस वर्षं मिळाली होती. आपल्याला एक तरी घेऊ द्या.

आणि हो, सुरुवात कुठून करायची असं वाटत असेल, तर आज रात्री जेवणं उरकल्यावर वहीच्या एका पानावर आजची तारीख घाला. आज भाजी कोणती केली, काय भावाने मिळाली, घरात कोण काय बोललं, एवढंच लिहा. अ‍ॅबिगेलबाईंनीही वाळत घातलेल्या कपड्यांबद्दलच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात भेटू. तेव्हा पावसाळ्यात पापड-कुरडयांना बुरशी लागू नये म्हणून काय करावं, ते बघू.