नेतृत्वाचा पाठ वर्गातच

नेतृत्व म्हटले की आपल्यापुढे व्यासपीठ, हार आणि ध्वनिक्षेपक उभे राहतात. बीड जिल्ह्याची परंपरा मात्र निराळी आहे. १९३८ साली हैदराबाद संस्थानातील सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्यापूर्वी अंबाजोगाईत शिक्षक होते.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद केली. परंतु नेमणूक असो वा निवडणूक, संधी एकालाच मिळते. उरलेले श्रोतेच राहतात. म्हणून हजेरीची नोंद, चर्चेचे अध्यक्षपद, सहलीचा जमाखर्च ही कामे पाळीपाळीने प्रत्येकाकडे यावीत. जमाखर्च वर्गापुढे वाचला जावा, शंका विचारल्या जाव्यात आणि वाचणाऱ्याने त्यांना उत्तरे द्यावीत.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. येथील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली की नाही, हे त्याचीच वही ठरवते. 'ही रक्कम कशी आली?' असे वर्गात निःसंकोच विचारणारा मुलगा उद्या त्या वहीपुढेही मुका राहणार नाही. हंगामामुळे उशिरा परतणाऱ्या विद्यार्थ्याची पाळी म्हणूनच राखून ठेवली पाहिजे.

यास अनुदान लागत नाही. लागते ती शिक्षकाची, स्वतःलाही प्रश्न विचारू देण्याची तयारी. तेवढी तरी आपण दाखवणार आहोत काय?