विकतची स्वाक्षरी

राजवाड्याच्या परिसरात जुन्या क्रिकेटचा विषय निघाला, की कर्नल सी. के. नायडू आणि कॅप्टन मुश्ताक अली ही दोन नावे ओठांवर येणारच. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या वीरांची छायाचित्रे जपावीत, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो त्या छायाचित्रांवरील स्वाक्षरीसाठी भारी रक्कम मोजण्याचा. आमच्या मते हा व्यवहार निव्वळ आतबट्ट्याचा आहे.

पहिला युक्तिवाद गुंतवणुकीचा. नायडू १९६७ मध्ये गेले, मुश्ताक अली २००५ मध्ये. आता नवी सही होणे नाही, म्हणून जुनीचा भाव चढणार. परंतु नेमक्या याच कारणाने बनावट सहीलाही गिऱ्हाईक मिळते, आणि तिचा खरेखोटेपणा सांगायला स्वाक्षरीकर्ता हयात नसतो. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या जुन्या चित्रपत्त्यांचा बाजार केवढा तरी मोठा. तेथे एफबीआयने १९९०च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम काढली, तेव्हा मदर तेरेसांच्या नावाची खोटी सही केलेले बेसबॉलचे चेंडूही सापडले! अशा बाजारात ग्राहक पैसे मोजतो ते सहीचे नव्हे, तिच्या प्रमाणपत्राचे.

दुसरा युक्तिवाद इतिहासाचा. १९३६ साली मँचेस्टरला मुश्ताक अलींनी ११२ धावा केल्या. परदेशातील कसोटीत भारतीयाने काढलेले ते पहिले शतक. त्या काळचे छायाचित्र ही त्या पराक्रमाची साक्ष आहे. त्यावर चाळीस वर्षांनी झालेली सही साक्षीत कसलीच भर घालीत नाही.

तिसरा युक्तिवाद वजनदार आहे: वृद्ध खेळाडूला चार पैसे मिळतात. मिळावेतच. पण ते त्याच्या हाती सन्मानाने द्यावेत. पुढच्या प्रत्येक विक्रीतला नफा दलालाच्या खिशात जातो, खेळाडूच्या नव्हे. गांधीजी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीमागे पाच रुपये घेत. ती सही म्हणजे देणगीची पावती होती. विजय मर्चंट यांच्या भगिनीच्या वहीत १९३३-३४ च्या एम.सी.सी. संघाच्या सोळा नावांखाली त्यांनी सतरावे म्हणून आपले नाव लिहिले. त्या पानाचे मोल त्या भेटीत आणि त्या मिस्किलपणात आहे. भेट विकत मिळत नाही.

स्वतः मागून घेतलेल्या सहीला आमचा आक्षेप नाही. मात्र ज्यांना होळकर क्रिकेटविषयी खरी आस्था आहे, त्यांनी घरोघरच्या पेट्यांतील संघचित्रे बाहेर काढावीत आणि जाणत्या वृद्धांना विचारून त्यांतील चेहरे ओळखून घ्यावेत. चित्राच्या पुढच्या बाजूवरील एका विकतच्या सहीपेक्षा मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावे पुढच्या पिढीच्या अधिक उपयोगी पडतील. आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होणार नाही.