घरचा लेझर, दारचा लेझर

माणसाने घरी काय करावं आणि काय करू नये याची एक यादी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. लोणचं घालावं, पापड लाटावेत, दिवाळीत मुलांना किल्ला करून द्यावा, आकाशकंदील करावा. कंदील वाकडा झाला तरी 'घरी केलाय' म्हटलं की शेजारी दोन मिनिटं मान वर करून बघतात आणि चहा पिऊन जातात. पण त्याच माणसाने 'मी घरी लेझर करतोय' म्हटलं, की तेच शेजारी एक पाऊल मागे सरतात आणि हळूच विचारतात, "बँकेत सगळं ठीक आहे ना?"

मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे, वय चाळिशीपलीकडे आहे आणि घरी तीन रंगांचा लेझर बांधतो आहे. या चारही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. तळमजल्यावरच्या आजींनी तर 'लेझीम' ऐकलं आणि "घरी कशाला करतोस बाबा, शाळेत मिळते," असा सल्ला दिला. असो. मला भांडायचं आहे ते यांच्याशी नाही. ज्याच्याशी भांडायचं आहे तो गृहस्थ जरा मागून येतो आहे, आणि तो ट्रकवर बसून येतो आहे. तोवर घरचे आक्षेप निकालात काढू.

पहिला आक्षेप आमच्या मेव्हण्यांचा. "अहो दाजी, तयार मिळतो की! बटण दाबलं की भिंतीवर मोर नाचतो."

मिळतो ना. लोणचंही तयार मिळतं. पण त्या बरणीवर काय छापलंय ते निदान बरंचसं खरं असतं. लेझरच्या लेबलाचं तसं नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मापनसंस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. तिथे पॉइंटरला ५ मिलिवॉटची मर्यादा आहे. तपासलेल्या हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के सरकारी नियमात बसेनात. आमच्या शाखेत शंभरातली नव्वद व्हाउचरं अशी निघाली असती तर ऑडिटरने आम्हाला टेबलासकट उचलून नेलं असतं. तेव्हा 'विकतचं म्हणजे बिनधोक' हा हिशेब मला मांडून दाखवू नका.

दुसरा आक्षेप ऑफिसातला. "बी.कॉम.वाल्याला यातलं काय कळणार?" मी म्हणतो, कळलं तर त्यालाच कळणार! कारण लेझर डायोड ही वस्तू म्हणजे विजेची भानगड नसून कर्जप्रकरण आहे.

कसं ते सांगतो. तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा डायोडचा कण. याला नुसतीच बॅटरी जोडली तर तो मिळेल तेवढा प्रवाह ओढतो. ओढला की तापतो. तापला की आणखी ओढतो. आणखी तापतो. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कायमचा बुडतो. असे कर्जदार आम्ही पुष्कळ पाहिलेत. फरक इतकाच, की डायोड बुडताना जामीनदाराला बरोबर नेत नाही.

म्हणून बॅटरी आणि डायोड यांच्यामध्ये एक अधिकारी बसवावा लागतो. त्याचं नाव ड्रायव्हर. काडेपेटीएवढा बोर्ड असतो. (माझा पार्सलने आला तेव्हा आईने सगळ्या मजल्याला सांगितलं की, ड्रायव्हर ठेवलाय, आता गाडीही येईल.) त्याचं काम एकच. डायोडने कितीही हात पसरले तरी मंजूर झालेल्या प्रवाहापेक्षा एक मिलिअँपियर जास्त द्यायचा नाही. हौशी लोकांचा सगळ्यात साधा ड्रायव्हर एलएम३१७ नावाच्या चिपवर चालतो. त्याचं गणित असं : १.२५ ला रोधाने भागा, उत्तर अँपियरमध्ये. अडीच ओहम लावला तर अर्धा अँपियर, सव्वा ओहम लावला तर एक. हा भागाकार करायला आय.आय.टी.त जावं लागत नाही.

पुढचं सगळं बँकिंगच. एका ठरावीक प्रवाहाखाली डायोडमधून लेझर निघतच नाही, नुसता मिणमिणता उजेड येतो. म्हणजे किमान शिल्लक. लाल डायोडला सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात, निळ्याला आणि हिरव्याला चार-पाचच्या घरात लागतात. म्हणून तिघांची खाती वेगळी आणि मर्यादाही वेगळ्या. डायोड जोडण्याआधी ड्रायव्हरवर साध्या डायोडांचा खोटा भार लावून प्रवाह मोजायचा, कारण एकाने केलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार आधी रिकामा करायचा, नाहीतर डायोड जोडताक्षणी तो मरतो. यालाच आम्ही दिवसअखेर कॅश जुळवणं म्हणतो. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने माझा हा विचार ऐकून सुटे पैसे न मोजताच परत दिले.

राहिला रंगांचा भाग. लाल किरणाला आरपार जाऊ देणारी पण हिरव्याला परतवणारी अशी खास काच मिळते, तिच्यापुढे निळ्यासाठी आणखी एक. त्या स्क्रूंनी तिरक्या करत करत तिन्ही किरण एका रेषेत आणायचे. तीन भावांना एका वाटणीपत्रावर सही करायला आणण्याइतकंच सोपं. पण एकदा जुळले की भिंतीवर जो पांढरा ठिपका उमटतो, तो पाहिल्यावर बढतीची ऑर्डरसुद्धा फिकी वाटते. नुसते चालू-बंद करूनही तीन रंगांतून सात रंग होतात. हा संयोगांचा हिशेब आम्ही अकरावीत केलाय. तेव्हा तो कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता तिसरा आक्षेप, आणि तो मात्र गंभीर आहे. "लेझर धोक्याचा असतो." हा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी घेतला. रीतसर नोटीस आली : सदनिकेत घातक किरणोपकरण बाळगल्याबद्दल खुलासा करावा.

माझा खुलासा असा, की हो, आहे धोक्याचा! तुम्हाला वाटतो त्याच्या दसपट आहे. डोळ्यात शिरलेला लेझरचा किरण डोळ्याचंच भिंग एका सूक्ष्म ठिपक्यावर आणतं, आणि तिथे त्याची तीव्रता सुमारे एक लाख पट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. त्या भरवशावर एक मिलिवॉटपर्यंत निभावतं. ५०० मिलिवॉटच्या वर चौथा वर्ग, म्हणजे सगळ्यात वरचा. माझे तीन रंग मिळून ७५० मिलिवॉट, म्हणजे मी चौथीत. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजलं तरी बोंब मारायची सोय नाही. आणि निळ्यापासून तर खास जपावं. आपल्या डोळ्याला ४५० नॅनोमीटरचा निळा हा ५२० च्या हिरव्यापेक्षा सुमारे अठरा पट मंद दिसतो, पण जाळायच्या कामात तो मुळीच मंद नाही. कमी बोलणाऱ्या सावकारासारखा.

हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणूनच माझ्या लेझरला किल्ली आहे. म्हणूनच ट्रायल घेताना घरातलं कुणी त्या खोलीत नसतं, आरसा उतरवून ठेवलेला असतो, जुळवाजुळव अगदी कमी प्रवाहावर होते आणि त्यानंतर मी त्या तिन्ही रंगांसाठीचा गडद चष्मा घालून बसतो. हा चष्मा माझ्या सगळ्या सामानात महाग आहे. तो घातला की लेझरच काय, ही चहा घेऊन आलेलीही दिसत नाही. "मग एवढं करून बघायचं काय?" असं ती विचारते. प्रश्न बिनतोड आहे. मी भिंतीवरचा ठिपका मोबाईलच्या पडद्यावर बघतो.

नोटिशीला उत्तर म्हणून हे सगळं मी दोन पानांत लिहून दिलं. सेक्रेटरींनी ते फाईलला लावलं. आणि त्यानंतर महिन्याभराने तेच सेक्रेटरी हसतमुखाने वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात उभे. "यंदा मिरवणुकीला लेझर शो आहे बरं का! जरा सढळ हाताने."

मंडळी, इथे ट्रक आला.

त्या ट्रकवर लोखंडी सांगाड्याला आठ-दहा लेझर टांगलेले होते, आणि त्यांच्याखाली एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता. मी त्याला विचारलं, "किती मिलिवॉटचे?" तो म्हणाला, "साहेब, एकदम कडक!" मिलिवॉट या मापाला 'कडक' हे एकक मी प्रथमच ऐकलं. चष्मा त्याच्याही डोळ्यांवर नव्हता. किरण सरळ माणसांच्या तोंडावर फिरत होते. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं तर नेमकी त्यांच्या रेषेत. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी चार शब्द सांगितलेच नव्हते. भाड्याने देणाऱ्याने खोकं दिलं, घेणाऱ्याने पैसे दिले, वर्गणी आम्ही दिली. आकडा कुणीच कुणाला दिला नाही.

ही काल्पनिक भीती नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात पुण्या-कोल्हापुराकडून तरुण मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात लेझरवर बंदीचा आदेश काढला. चांगलं केलं. पण बंदीला मुदत असते, आणि मुदत संपली की ट्रक असतोच. गंमत बघा, लेझरने मोबाईलच्या कॅमेऱ्यात कायमची रेघ उमटली तर माणूस दुरुस्तीच्या दुकानात जाऊन भांडतो. डोळ्यात उमटली तर 'गर्दीत काहीतरी गेलं असेल' म्हणून गार पाणी मारतो. मोबाईलचा विमा असतो म्हणावं, तर डोळ्याची बदली मिळत नाही.

"तुम्हाला पोरांचा आनंद बघवत नाही," असं मला मांडवात ऐकवण्यात आलं. बघवतो हो! म्हणून तर तो बघण्याची सोय शाबूत ठेवा म्हणतोय. वर्षभर राबणाऱ्या पोरांनी एक दिवस नाचावं, रंग उधळावेत, यात वाईट काय? लेझर धुरातून आभाळाकडे जाताना सुंदरच दिसतो. पण तो आभाळाकडे जाऊ द्या. अमेरिकेत अशा कार्यक्रमांचा नियम आहे, की प्रेक्षक जिथे उभे राहू शकतात तिथून किरण तीन मीटर वर आणि बाजूला अडीच मीटर लांब असले पाहिजेत. शिवाय किरण फिरवणारा आरसा अडकला आणि किरण एका जागी थांबला, तर लेझर आपोआप बंद व्हायला हवा. कारण फिरता किरण चापट मारून जातो, थांबलेला किरण मुक्कामच करतो. आपल्या खड्ड्यांतून हिंदकळणाऱ्या ट्रकवर तो कुठे मुक्काम करील, हे विसर्जनाच्या गर्दीत कुणी सांगावं?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पोलिसांनी, मंडळांनी आणि पावती फाडणाऱ्या आपण सगळ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. किती मिलिवॉट? सगळ्यात खालचा किरण किती उंचीवरून जातो? आणि बंद करायची किल्ली कुणाच्या खिशात आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर वर्गणी द्यावी. 'एकदम कडक' असं उत्तर आलं तर पुस्तक परत करावं.

आणि सोसायटीने नोटिसा जरूर काढाव्यात, पण पत्ता नीट बघून. पाचशेची नोट सुटी करून देताना दहा वेळा उजेडात धरणारी माणसं आम्ही. पण हजारो मिलिवॉटचा उजेड कुठून येतो ते एकदाही विचारलं नाही. जो चार महिने खपून एक किरण बांधतो, प्रत्येक मिलिअँपियर वहीत मांडतो, आरसा उतरवून ठेवतो, तो आपल्याला विक्षिप्त आणि घातक वाटतो. जो भाड्याने दहा खोकी आणून पोराबाळांच्या तोंडावर सोडतो, तो उत्साही कार्यकर्ता. भीती जाणणाऱ्याची वाटते, न जाणणाऱ्यापुढे आपण नाचतो.

खाली ट्रक चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं. ते नसेल तर हवालदार ट्रक तिथल्या तिथे बाजूला घेतो, आणि त्याबद्दल कुणी त्याला उत्सवद्रोही म्हणत नाही. वरच्या लेझरला निदान एक शहाणा ड्रायव्हर असावा, एवढंच मागतोय मी. माझ्याकडचा तर काडेपेटीएवढा आहे.