कात टाकणारी अळी झोपलेली नसते

जीवशास्त्राची ओळख करून देताना पोषण, श्वसन, उत्सर्जन, नियंत्रण व प्रजनन या जीवनप्रक्रिया स्वतंत्र घटक म्हणून शिकवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या शीर्षकाचे दोन पाठ आहेत. अशी विभागणी अभ्यासाच्या सोयीची असली, तरी प्राण्याचे वर्तन त्यातून बाजूला पडते. वस्तुतः शरीराच्या आत काय चालले आहे, हे प्राण्याच्या वागण्यातूनच प्रथम कळते. हे रेशीम उत्पादकाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल.

म्हैसूर येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था महाराष्ट्रातील तुती उत्पादकांना परिचित आहे. सी.एस.आर.-२ व सी.एस.आर.-४ या दुबार जातींचा संकर याच संस्थेची देणगी होय. हे संकर अधिक व दर्जेदार रेशीम देतात. मात्र त्यांचे संगोपन काटेकोर असावे लागते. हा काटेकोरपणा मुख्यतः अळीचे वर्तन ओळखण्यात आहे.

सुमारे पंचवीस दिवसांच्या आयुष्यात रेशीम अळी चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती खाणे थांबवते, डोके वर उचलून साधारण एक दिवस निश्चल राहते. पाहणाऱ्यास ती झोपल्यासारखी वाटते. परंतु याच काळात नवी त्वचा तयार होत असते आणि त्वचेबरोबर श्वासनलिकांचे जुने अस्तरही टाकले जाते. अशा वेळी पाला घातल्यास आधी कात टाकलेल्या अळ्या खाऊन वाढतात, उरलेल्या पाल्याखाली दबतात. परिणामी पीक मागेपुढे होते, कोष एकाच वेळी व एकसारखे मिळत नाहीत. म्हणूनच या काळात पाला बंद ठेवणे, चुन्याची भुकटी टाकून बिछाना कोरडा राखणे आणि जवळजवळ सर्व अळ्यांनी कात टाकल्यावरच पुन्हा पाला देणे आवश्यक ठरते.

कोष विणण्याची वेळही वर्तनातूनच कळते. पक्व अळी खाणे सोडते, शरीर किंचित पारदर्शक होते, ती डोके हलवत आधार शोधू लागते. विणण्यापूर्वी ती शरीरातील द्रव बाहेर टाकते. म्हणून चंद्रिकेभोवती हवा खेळती हवी. दमट, कोंदट जागेत विणलेल्या कोषाचा धागा नीट उलगडत नाही. उत्सर्जनाचा पाठ आणि कोषाचा बाजारभाव यांचा असा थेट संबंध आहे.

या बदलांमागे संप्रेरके असतात. कात टाकण्यास प्रवृत्त करणारे एक्डायसोन बुटेनांट व कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीम कीटकाच्या कोषस्थ अवस्थेतूनच वेगळे केले. १९५९ मध्ये बुटेनांट यांच्या गटाने मादी पतंगाचा कामगंध, बॉम्बिकॉल, ओळखला. त्याचा गंध येताच नर पंख फडफडवत मादीकडे चालू लागतो. हा पतंग काहीही खात नाही. अळीने साठवलेल्या अन्नावरच तो प्रजनन पूर्ण करतो. पोषण, नियंत्रण, वर्तन व प्रजनन हे चारही घटक एकाच कीटकात सलग दिसतात.

हा कीटक पूर्णपणे माणसाळलेला असल्याने तो निसर्गातील वर्तनाचे यथार्थ चित्र देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, पंख असूनही उडू न शकणारा पतंग पाहून निवड व उत्क्रांती यांविषयी विद्यार्थ्यांना प्रश्न पडतील, हाही लाभच होय.

तुती लागवडीच्या गावांतील शाळांत दुसऱ्या कातीनंतरच्या पन्नासएक अळ्यांचे एक तबक ठेवण्यास जिल्हा रेशीम कार्यालयांनी साहाय्य करावे. अळ्या विश्वासार्ह चॉकी केंद्रातून घ्याव्यात, पाला फवारणीविरहित असावा आणि रोगप्रसार टाळण्यासाठी त्या पुन्हा कोणाच्याही संगोपनगृहात नेऊ नयेत. अडीच आठवड्यांत विद्यार्थी दोन काती व कोषनिर्मिती पाहू शकतील. शेतकरी प्रशिक्षणातही ‘पाला बंद करा’ या सूचनेबरोबर तिचे कारण सांगितले जावे. ते ज्याला कळले आहे, तो अळ्या थोड्या आगेमागे झाल्या, तरी पाला कधी थांबवायचा हे स्वतः ठरवू शकतो.